एफएमचा ऑडिओ प्रोसेसर लावूनही आवाज फाटतोय? या चुका टाळा

बेळगावात जुलैचा पाऊस लागला की आमच्या छोट्या एफएम केंद्रात एक तक्रार ठरलेली: "निवेदक थांबला की मागनं घरघर येते." स्टुडिओवरचे पत्रे तर वाजणारच. पण प्रोसेसर, म्हणजे ट्रान्समीटरकडे जाण्याआधी आवाज नीट करणारं यंत्र, त्यात एजीसी असतं: आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारा भाग. निवेदक श्वासाला थांबला की एजीसीला वाटतं आवाज पडला. ते गेन (आवाजाची वाढ) वर ओढतं आणि पत्र्यांबरोबर पंखाही ऑन एअर जातो. एजीसीचा गेट (आवाज फारच हळू झाला की गेन जागीच रोखणारी सोय) चालू करा, त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे तो लागू होण्याची पातळी, त्या घरघरीच्या जरा वर ठेवा, रिलीज (गेन परत वर चढण्याचा वेग) सावकाश ठेवा. मग हरिपाठाचं रेकॉर्डिंग लावून ऐका. दोन चरणांमधे टाळांचा नाद विरत गेला पाहिजे. तो फुगत असेल तर सेटिंग अजून चुकलंय.

सगळ्यात महागात पडते ती प्रीएम्फसिसची चूक. प्रीएम्फसिस म्हणजे एफएममधे प्रक्षेपणाआधी वरचे सूर उचलतात आणि रेडिओ संच ते पुन्हा खाली आणतो. भारतात हे प्रमाण ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. तिकडचा प्रीसेट (तयार सेटिंग) तसाच ठेवला की 'स', 'श', 'च' कानाला टोचतात. त्याहून वाईट म्हणजे प्रोसेसर आणि ट्रान्समीटर, दोन्हीकडे ते चालू असणं. १५ किलोहर्ट्झला एकदाच सुमारे १४ डेसिबलची उचल मिळते. ती दुप्पट झाली की लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारा भाग) झांजेच्या प्रत्येक ठोक्याला अख्खं गाणं दाबतो. आम्ही यापायी आठवडाभर माईक बदलत बसलो होतो! प्रीएम्फसिस प्रोसेसरमधेच ठेवा, ट्रान्समीटरवर बंद करा.

आवाज मोठा वाटावा म्हणून क्लिपर (आवाजाची टोकं छाटणारा भाग) पिळू नका. ±७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या (आवाजामुळे एफएमची वारंवारता किती सरकते त्याच्या) पुढे जायचं नाहीच, आणि त्या मर्यादेत नुसतं क्लिपिंग वाढवलं तर ऐकणारा दहा मिनिटांत थकतो. कन्नड बातम्यांचा आवाज भारदस्त, मराठी निवेदिकेचा नाजूक, तर माईकची पातळी माणूस बदलेल तशी जुळवा. ते काम प्रोसेसरवर टाकू नका.

व्हॉट्सअॅपवरून आलेली गाणी तर लावूच नका. दाबून छोट्या केलेल्या फाईलमधली खरखर मल्टीबँड कॉम्प्रेसर (खालचे-वरचे सूर वेगवेगळे समतोल करणारा भाग) वर काढतो.

आणि हेडफोनवर सगळं छान, पण गणपत गल्लीतल्या दुकानातल्या एका स्पीकरच्या रेडिओवर निवेदकच गायब? मग प्रोसेसरला हात लावू नका. डाव्या-उजव्या केबलपैकी एकीच्या एक्सएलआर प्लगमधे (तीन पिनांचा ऑडिओ प्लग) पिन २ आणि ३ च्या तारा उलट जोडल्यात का, ते उघडून बघा. मोनोमधे, म्हणजे दोन्ही बाजू एकाच स्पीकरवर एकत्र आल्या की, उलट्या फेजच्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात.