लॅक्रॉस हेल्मेटची सजावट आणि शाळेचा विक्रमफलक

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलण्याचा आणि फेकण्याचा सांघिक खेळ. त्याच्या हेल्मेटवरील संघचिन्ह आणि शाळेच्या व्यायामशाळेतील विक्रमफलक ही दोन्ही कामे आता बहुधा कापलेल्या व्हिनाइलने, म्हणजे मागे गोंद असलेल्या पातळ प्लास्टिकच्या पत्र्याने, केली जातात. दोन्ही ठिकाणी पहिला निर्णय सारखाच असतो: चिकटवलेला मजकूर उद्या काढावा लागणार आहे, हे गृहीत धरूनच तो चिकटवावा.

अमेरिकेतील मुलांच्या लॅक्रॉसमध्ये हेल्मेट ‘नॉक्सी’ या क्रीडासाहित्याच्या सुरक्षेची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांनुसार प्रमाणित असावे लागते. मुलींच्या खेळात टणक हेल्मेट गोलरक्षकालाच लागते, त्यामुळे तेथे सजावटीचे काम थोडकेच असते. हेल्मेटचे बाहेरचे टणक कवच रंगवण्याचा मोह टाळावा. स्प्रेच्या रंगातील, थिनरमधील किंवा अ‍ॅसिटोनमधील द्रावके प्लास्टिक ठिसूळ करू शकतात, आणि असे नुकसान बाहेरून दिसेलच असे नाही. निर्मात्याच्या सूचनापत्रकात परवानगी असेल तेवढेच करावे; प्रमाणपत्राची खूण, इशाऱ्याचे लेबल, स्क्रू आणि हवेची छिद्रे झाकू नयेत.

हेल्मेटचे प्रत्येक मॉडेल वेगळ्या वळणाचे असल्याने आधी कागदाचा नमुना कापून तो कवचावर बसवून पाहावा. संगणकाच्या सपाट पडद्यावर सुंदर दिसणारे चिन्ह वळणावर हमखास वाकडे होते. वक्र भागासाठी ‘कास्ट’ प्रकारचे (द्रवरूपात ओतून बनवलेले), सुमारे ५० मायक्रॉन जाडीचे व्हिनाइल घ्यावे. ‘कॅलेंडर्ड’ (रुळांखाली लाटून बनवलेला) प्रकार स्वस्त असतो, पण ताणून बसवल्यावर तो आक्रसतो आणि त्याच्या कडा उठतात. मैदानावर चेंडू आणि काठ्यांचे घाव बसतात, म्हणून छापील चिन्हावर पारदर्शक आवरण असावे आणि टोकदार कोपऱ्यांऐवजी गोल कोपरे कापावेत.

कवच सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. साबणाचे एक-दोन थेंब घातलेले पाणी फवारून चिन्ह ठेवले, तर ते सरकवून नेमके जागेवर आणता येते. मग मधून कडेकडे दाबत पाणी बाहेर काढावे. कागदी नमुन्याला वळणावर सुरकुती पडत असल्यास चिन्हाची ओढाताण न करता छोटी चीर द्यावी, मात्र ती व्हिनाइल हेल्मेटवर लावण्यापूर्वी, कारण कवचावर सुरी चालवणे हा सजावटीतील सर्वांत वाईट प्रकार होय. हीट गन (गरम हवा फेकणारे यंत्र) वापरू नये. जुने चिन्ह कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने शेकून, लहान कोनात सावकाश सोलावे.

विक्रमफलकाचे खरे काम कापण्यापूर्वीच सुरू होते. विक्रम म्हणजे नेमके काय, हे आधी लिहून ठेवावे. लॅक्रॉसमध्ये एका सामन्यातील, एका हंगामातील आणि संपूर्ण शालेय कारकिर्दीतील गोल हे तीन स्वतंत्र विक्रम आहेत. गोलसाहाय्य, गोलरक्षकाचे बचाव आणि मैदानावरून उचललेले चेंडू यांनाही रकाने द्यावेत, नाहीतर फलक केवळ आक्रमकांचा होतो. मुले आणि मुली यांचे नियम वेगळे असल्याने आकडे एकत्र करू नयेत. धावण्याच्या स्पर्धांत हाताने मोजलेली वेळ विद्युत यंत्राने मोजलेल्या वेळेपेक्षा साधारणपणे कमी भरते, आणि तुलनेसाठी तीत ०.२४ सेकंद मिळवण्याची पद्धत रूढ आहे. तेव्हा वेळेच्या शेजारी मोजणीची पद्धत दर्शवणारी खूण असावी. २०० मीटरपर्यंतच्या धावण्यात आणि लांब उडीत पाठीमागून वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा अधिक असल्यास कामगिरी विक्रम म्हणून धरत नाहीत. जलतरणात २५ यार्ड, २५ मीटर आणि ५० मीटर या तलावांचे विक्रम निराळे ठेवावेत.

वाचनीयतेचा ढोबळ हिशोब असा: दर तीन मीटर अंतरामागे सुमारे २५ मिलिमीटर उंचीचे अक्षर, सहा मीटरवरून वाचायचे असेल तर ५० मिलिमीटर. नाव, आकडा आणि वर्ष या तिन्हींसाठी सरकवून बदलता येणाऱ्या वेगळ्या पट्ट्या कराव्यात, शीर्षके मात्र कायमची चिकटवावीत. थेट ऊन पडणारी भिंत टाळावी, कारण छपाईतील लाल आणि पिवळा रंग उन्हात लवकर विटतो. बरोबरी झाल्यास दोन्ही नावे लावता येतील इतकी जागा प्रत्येक ओळीत सोडावी. डिजिटल पडदा सोयीचा असतो, पण सामने आणि स्पर्धांची मूळ नोंदपत्रके स्वतंत्र वहीत जपावीत आणि दुसऱ्या व्यक्तीने त्यांच्याशी पडताळणी केल्याखेरीज कोणतीही पट्टी बदलू नये.