पॉडकास्ट सुरू करताना या चुका टाळा

पॉडकास्ट सुरू करू इच्छिणाऱ्यांचा पहिला प्रश्न हमखास 'मायक्रोफोन कोणता घ्यावा' हा असतो. माझ्या मते त्याआधी 'बसावे कोणत्या खोलीत' हे ठरवायला हवे. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत महागडा मायक्रोफोनदेखील विहिरीत बोलल्यासारखा आवाज टिपतो, आणि एकदा आवाजात मिसळलेला हा घुमारा नंतर संगणकावर पूर्णपणे वेगळा काढता येत नाही.

खोली पारखण्याची सोपी रीत म्हणजे तिच्या मधोमध उभे राहून एक खणखणीत टाळी वाजवणे. टाळी थांबल्यावरही मागे काही रेंगाळत असेल, तर बोलताना तुमच्या प्रत्येक शब्दामागे तेच रेंगाळणार आहे. जाड पडदे, गादी, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांनी फरक पडतो. मात्र इथे एक चूक सर्रास होते: लोक मायक्रोफोनच्या मागे पडदा लावतात. पॉडकास्टसाठी बहुधा वापरला जाणारा कार्डिओइड मायक्रोफोन मागून येणारा आवाज फारसा घेत नाही. तो ऐकतो समोरचे, म्हणजे तुम्हाला आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाला. म्हणून एकच जाड पांघरूण हाताशी असेल, तर ते आपल्या पाठीमागे टांगावे.

दुसरी मोठी चूक अंतराची. तोंड आणि मायक्रोफोन यांत साधारण 10 ते 15 सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून कमी अंतर असावे. हे अंतर दुप्पट झाले की तुमचा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. आवाज लांबून आल्यासारखा वाटत असेल, तर नवे यंत्र घेण्याआधी जवळ सरकून पाहावे. जवळ गेल्यावर प, फ, ब, भ या ओष्ठ्य वर्णांचा श्वास मायक्रोफोनवर आदळून 'धप्प' असा आवाज येतो. 'भाऊ फार पुढे पळाला' हे वाक्य म्हणून ते लगेच तपासता येते. त्यावर उपाय म्हणजे पॉप फिल्टर, म्हणजे श्वासाचा झोत अडवणारी जाळी, मायक्रोफोनपुढे लावणे, किंवा मायक्रोफोन ओठांच्या रेषेतून किंचित बाजूला घेऊन त्याचे तोंड आपल्याकडेच वळवलेले ठेवणे.

आवाजाची पातळीही आधी पाहून घ्यावी. ठासून बोलताना रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधील आवाजाच्या मीटरचा काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिला तर हसण्याला किंवा आवाज चढण्याला जागा उरते. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर कमी केला तरी फाटलेलाच राहतो. हळू झालेला मात्र वाढवता येतो.

एका मुलाखतीत मी नवा यूएसबी मायक्रोफोन जोडला, पाहुण्यांशी चाळीस मिनिटे मनापासून बोललो, आणि ऐकताना कळले की सॉफ्टवेअरने लॅपटॉपच्या अंगच्या मायक्रोफोनवरूनच सगळे टिपले होते. त्या पाहुण्यांनी सांगितलेली आठवण पुन्हा तशी कुणी सांगू शकत नाही, याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून मी रेकॉर्डिंग सुरू करून मायक्रोफोनच्या जाळीवर नखाने हलकेच खरवडतो आणि ती खरखर हेडफोनमध्ये स्पष्ट आली तरच पुढे जातो. तेवढ्याच वेळात अर्धा मिनिट गप्प राहून खोलीची शांतताही टिपून ठेवावी, कारण संकलनात कापलेल्या जागा बुजवायला ती लागते.

पाहुणा दुसऱ्या ठिकाणी असेल तर केवळ कॉलचे रेकॉर्डिंग पुरेसे मानू नये; इंटरनेट मंदावले की शब्द गळतात. दोघांनी आपापला आवाज आपल्याकडे टिपावा आणि सुरुवातीस एक टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही फाइली जुळवणे सोपे जाते. दोघांच्याही कानांवर हेडफोन हवेत, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या स्पीकरमधून परत येतो.

संकलन करताना गोंगाट कमी करणारे फिल्टर जपून वापरावे. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ते आहे, परंतु त्याची मात्रा वाढवली की माणूस पाण्याखालून बोलतो आहे असे वाटू लागते. प्रत्येक श्वास आणि प्रत्येक विराम कापून टाकणेही तितकेच घातक आहे, कारण मग बोलणारा विचार करतो आहे असे वाटतच नाही. शेवटी भागाची एकूण पातळी उणे 16 एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा जाणवतो ते मोजण्याचे एकक) जवळ आणावी. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस हीच आहे, आणि त्यामुळे श्रोत्याला प्रत्येक भागाला आवाज कमीजास्त करावा लागत नाही.

प्रकाशनाच्या बाबतीत थोडेच सांगायचे आहे. लोकप्रिय गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरू नये, तो दहा सेकंदांचा असला तरी. मुखचित्र चौरस आणि प्रत्येक बाजूला 3000 पिक्सेलचे करावे. भाग साठवून ते ॲपपर्यंत पोचवणारी होस्टिंग सेवा निवडताना पुढे दुसरीकडे जायचे झाल्यास आरएसएस फीडचा, म्हणजे ॲप ज्यावरून नवे भाग शोधतात त्या यादीचा, जुना पत्ता नव्याकडे वळवता येईल ना, हे आधी विचारून घ्यावे. ती सोय नसेल तर सेवा बदलताच जमलेले श्रोते जुन्याच पत्त्यावर अडकतात आणि त्यांना नवे भाग मिळत नाहीत.