मित्राबरोबर पॅरिसचा वीकेंड: जर्मनीत शिकणाऱ्या पुणेकरांनो, या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये जर्मनीत लेक्चर्स सुरू होतात आणि महिन्याभरात माझ्या जर्मनच्या क्लासमधून गेलेल्या मुलांचे फोन पुण्याला यायला लागतात. एक श्टुटगार्टला असतो, दुसरा फ्रँकफुर्टला, आणि दोघांचं ठरलेलं असतं की पुढच्या शनिवारी पॅरिस. ठरणारच. श्टुटगार्टहून थेट गाडी सव्वातीन तासांच्या आसपास पॅरिसला पोहोचते, फ्रँकफुर्टहून साधारण चार तास. इकडून मुंबईला जायला लागतो साधारण तेवढाच वेळ. पण यातल्या बऱ्याच सहली पॅरिसमध्ये पाय ठेवण्याआधीच बिघडलेल्या असतात, कारण दोघांनी जे आधी बोलायला किंवा बघायला हवं होतं ते राहून गेलेलं असतं.

पासपोर्ट खोलीवर ठेवून निघणं

शेंगेन देशांमध्ये सीमा नाहीत असं ऐकलेलं असतं, म्हणून मुलं मोबाइलमध्ये पासपोर्टचा फोटो घेऊन बसमध्ये चढतात. भारतीय विद्यार्थ्याला जर्मनीबाहेर जाताना मूळ पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड (किंवा चालू असलेला राष्ट्रीय व्हिसा) दोन्ही जवळ हवेत. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. येताना रात्री दोन वाजता बस थांबवून पोलीस आत येऊ शकतात आणि फोटो दाखवून तिथे भागत नाही.

याहून नाजूक परिस्थिती म्हणजे व्हिसा संपला आहे, कार्ड अजून आलेलं नाही आणि हातात फक्त फिक्त्सिओन्सबेशायनिगुंगचा, म्हणजे परमिटचा निर्णय होईपर्यंत दिलेला तात्पुरता, कागद आहे. त्या कागदाचे प्रकार आहेत आणि सगळ्यांवर प्रवास सारखा चालत नाही. आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, ईमेल करून लेखी उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका. तेवढ्या काळात ड्रेस्डेन किंवा हाम्बुर्ग बघा, डॉइचलांडटिकीटवर, म्हणजे देशभर चालणाऱ्या महिन्याच्या पासवर, रिजनल गाडीने जाता येतं. मात्र हे तिकीट आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही आणि फ्लिक्सबसलाही नाही.

फक्त भाडं बघून तिकीट काढणं

स्वस्त विमानाच्या तिकिटावर ‘पॅरिस बोवे’ लिहिलेलं असलं तर ते विमानतळ शहरापासून 80 किलोमीटरहून लांब आहे. ‘फ्रँकफुर्ट हान’ फ्रँकफुर्टपासून सुमारे 120 किलोमीटर. दोन्हीकडचं बसभाडं आणि वेळ मोजलात तर रेल्वे बरी पडते. शिवाय दीड-दोन दिवसांच्या सहलीत गेलेले पाच तास कुठल्याच पैशात भरून येत नाहीत.

गाडीचं तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा. श्टुटगार्ट किंवा फ्रँकफुर्टहून येणारी थेट गाडी पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनला येते. गार द लिओं हे पॅरिसमधलंच स्टेशन आहे, लिओं शहर नव्हे. टीजीव्हीची, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाडीची, दारं सुटायच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, पळत येणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही. आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपातली घड्याळं बदलतात. मार्चमध्ये झोपेतला एक तास जातो. त्या रविवारी सकाळची गाडी असेल तर मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका.

पैशाचं आधी न बोलणं

माझ्या मते ही सगळ्यांत महाग चूक आहे, आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पुण्यात दोघं एकाच टपरीवर चहा पीत होती, कॉन्ट्री काढून ट्रेकला जात होती, त्यामुळे तिकडेही तसंच चालेल असं वाटतं. पण परिस्थिती बदललेली असते. एकाला वेर्कश्टुडेंटची, म्हणजे शिकता शिकता करायची, नोकरी लागलेली असते. दुसऱ्याचं शिक्षणकर्ज चालू असतं, ब्लॉक्ड अकाउंटमधून दर महिन्याला ठरलेलीच रक्कम हातात येते आणि घरी वडिलांनी फ्लॅट तारण ठेवलेला असतो. पहिला सहज म्हणतो, चल नदीकाठी बसून जेवू. दुसरा मनात रुपये मोजतो, संकोचाने होकार देतो आणि संध्याकाळपर्यंत गप्प होतो. पहिल्याला कळतच नाही काय बिघडलं. अशा एका सहलीनंतर महिनोन्‌महिने न बोललेले जिवलग मित्र मला माहीत आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून तिकीट काढायच्या आधी फोनवर सरळ आकडा सांगा: प्रवास आणि राहणं सोडून माझ्याकडे या दोन दिवसांसाठी एवढे युरो आहेत. ज्याच्याकडे कमी आहेत त्याच्या आकड्यावर सहल आखायची. जास्तवाल्याला काही खास करायचं असेल तर त्याने ते एकट्याने, त्या दोन तासांत करावं. खर्च रोज रात्री स्प्लिटवाइज या हिशोब वाटून देणाऱ्या अ‍ॅपवर टाका, परत आल्यावर आठवून नको.

वेळेचंही तसंच. एकाला संग्रहालयात चार तास हवे असतात, दुसऱ्याला मोंमार्त्रच्या गल्ल्यांत भटकायचं असतं. शनिवारी दुपारी तीन तास वेगळे फिरा आणि सहाला भेटा. भेटायची जागा नेमकी ठरवा. ‘आयफेल टॉवरपाशी’ ही जागा होत नाही, एखाद्या मेट्रो स्टेशनचं कुठलं दार ते ठरवा. फोनची बॅटरी संपली तरी तिथे पोहोचता आलं पाहिजे.

मेट्रोचा चुकीचा पास

नाविगो या पॅरिसच्या मेट्रो-बसच्या कार्डावरचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवार चालतो, घेतलेल्या दिवसापासून सात दिवस नाही. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचणाऱ्याने तो घेतला तर बहुतेक पैसे वाया जातात. नाविगो ईझी कार्ड घेऊन त्यावर लागतील तेवढी तिकिटं भरणं बरं. मात्र एका कार्डावर दोघांना एकाच वेळी जाता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं कार्ड हवं. बाहेर पडेपर्यंत ते हाताशी ठेवा, तपासनीस जिन्याच्या वळणावर उभे असतात आणि पर्यटक म्हणून सोडत नाहीत.

एटीएम किंवा दुकानातल्या मशीनने ‘रुपयांत पैसे घेऊ का’ विचारलं तर नाही म्हणा आणि युरो निवडा. रुपयांतला दर मशीनवाला ठरवतो, तो तुमच्या सोयीचा नसतो. भारतीय कार्ड वापरणार असाल तर ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू हवं.

हक्काचा फुकट प्रवेश सोडणं

युरोपीय संघातल्या देशांत राहणाऱ्या 18 ते 25 वयाच्या मुलांना लुव्र आणि ऑर्से ही संग्रहालयं आणि व्हर्सायचा राजवाडा इथे प्रवेश फुकट आहे. इथे नागरिकत्व बघत नाहीत, रहिवास बघतात. म्हणजे जर्मन रेसिडेन्स परमिट दाखवणाऱ्या कोथरूडच्या मुलीलाही तो मिळतो. हे ठाऊक नसल्याने कितीतरी मुलं पूर्ण तिकीट काढतात, म्हणून पुन्हा सांगते: कार्ड बरोबर न्या. फुकट असलं तरी लुव्रची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवा, नाहीतर शनिवारची अर्धी सकाळ रांगेत जाते. शुक्रवारी लुव्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं. दुपारी पोहोचत असाल तर मी तीच वेळ घेईन. वीकेंड लांबवून सोमवार-मंगळवार धरणार असाल तर लक्षात ठेवा, ऑर्से सोमवारी बंद आणि लुव्र मंगळवारी.

नोत्र दाम चर्चमध्ये जायला तिकीट नाही. एप्रिल 2019 च्या आगीनंतर ते डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलं.

चोरी झाली तर

गणपतीत लक्ष्मी रोडवर पाकीट जसं पुढच्या खिशात धरून चालता, तसंच पॅरिसच्या मेट्रोत आणि आयफेल टॉवरखाली चाला. सही मागणारे, साक्रे-केर चर्चच्या पायऱ्यांवर मनगटात दोरा बांधायला येणारे, रस्त्यात सापडलेली अंगठी दाखवणारे, कुणापाशीही थांबू नका. दोघांनी एकमेकांच्या फोनमध्ये पासपोर्ट, कार्ड आणि तिकिटांच्या प्रती ठेवा. सोबत मित्र असण्याचा हा मोठा फायदा आहे आणि तो वापरला जात नाही.

तरीही पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या, मग पॅरिसच्या भारतीय दूतावासाशी संपर्क करा. इमर्जन्सी सर्टिफिकेट हे भारतात परतण्यासाठी असतं. तुम्हाला शिक्षण चालू ठेवायचं आहे, म्हणून नवा पासपोर्ट हवा असं स्पष्ट सांगा. जर्मन बँकेचं कार्ड बंद करायला फ्रान्समधून ‪+49 116 116‬ हा नंबर लावा. तातडीची मदत 112 वर. आजारी पडलात तर जर्मन सरकारी विमा असलेल्यांच्या कार्डाची मागची बाजू हेच युरोपियन आरोग्य कार्ड असतं, ते फ्रान्समध्ये चालतं. खासगी विमा असेल तर आधी अटी वाचा.

शाकाहारी असाल तर गार द्यु नॉरजवळच्या ला शापेल भागात श्रीलंकन तमिळ खानावळी आहेत, आणि मारे भागात रू दे रोझिएवर फलाफल मिळतं.

रविवारी शेवटची गाडी धरणं

सोमवारी सकाळी लॅब असेल तर रविवारी शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची घ्या. सगळा प्रवास एकाच बुकिंगमध्ये काढा. डॉइच बानचं, म्हणजे जर्मन रेल्वेचं, तिकीट असेल आणि मुक्कामी पोहोचायला बराच उशीर होणार असं दिसलं, तर तिकिटावरचं ठरावीक गाडीचं बंधन सुटू शकतं. स्वस्तातली दोन वेगळी तिकिटं जोडली असतील तर पुढची गाडी चुकल्याचा भुर्दंड तुम्हालाच. उशीर झालाच तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. तासाभराच्या उशिराला भाड्याचा चौथा हिस्सा परत मिळतो, दोन तासांना अर्धा, आणि अर्ज करायला तीन महिने असतात.