स्वमत पाठ करून आलेला वर्ग

मराठीच्या परीक्षेच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाची एक कृती असते, म्हणजे स्वतःला काय वाटलं ते लिहायचं. आमच्या पोरांना तीही पाठ असते. एकदा नववीचे पेपर तपासताना १७ जणांना एकच ओळ ‘मनाला स्पर्शून गेली’ होती. एकानं तर गाईडातली छपाईची चूकसुद्धा इमानेइतबारे उतरवली होती. मी चिडले, मग माझीच मला लाज वाटली. कवितेचा अर्थ बाईंच्या टेबलावर असतो आणि घंटा व्हायच्या आत तो फळ्यावर येतो, हे त्यांना आठ वर्षं शिकवलं कुणी?

कोल्हापूरच्या कडेला असलेल्या एका हायस्कुलात मी २२ वर्षं मराठी शिकवते. वर्गात ५८ पोरं, तास ३५ मिनिटांचा. कविता वाचून पोरांना स्वतःचं मत सुचू द्यायचं, तेही एवढ्या जागेत बसवायचं आहे, म्हणून महिन्यातून एकच तास यासाठी ठेवा. रोज करायला गेलात तर अभ्यासक्रम राहील आणि मुख्याध्यापक बोलावतील.

आधी कविता नीट निवडा. पोरांना पाय टेकायला जागा मिळेल अशी हवी. मी कुसुमाग्रजांची ‘कणा’ जुलैत घेते, पंचगंगा चढायला लागली की. आमच्याकडं पावसाळ्यात सकाळी पहिलं बोलणं राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे पाढ्यांआधी पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चे पूर या पोरांनी अंगावर घेतलेत. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी पावसात सरांच्या दारात येतो, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. शेवटी तो पैसे नकोत म्हणतो, पाठीवर हात ठेवून नुसतं ‘लढ’ म्हणा म्हणतो.

झेरॉक्स काढताना कवीचं नाव झाका. २७ फेब्रुवारीला ज्यांच्यावर भाषणं ठोकली, त्यांच्या कवितेबद्दल ‘मला पटली नाही’ म्हणायची कुणाची छाती होत नाही. नाव झाकायची युक्ती माझी नव्हे. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना अशाच बिननावाच्या कविता दिल्या होत्या आणि त्यांनी काय लिहिलं त्यावर १९२९ साली पुस्तक काढलं. एखाद्याला कविता आधीच माहीत असते. त्याला डोळ्यानंच गप्प बसवायचं.

कविता दोनदा वाचायची. एकदा तुम्ही, एकदा कुणीतरी पोरगं, त्याच्या त्याच्या हेलात. मग पाच मिनिटं गप्प. पोरांनी नव्हे, तुम्ही. यातलं सगळ्यात अवघड काम हेच. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन मिनिटांत ‘म्हणजे बघा हं, इथं कवीला असं म्हणायचंय’ तोंडातून निघालं आणि तास तिथंच संपला. आता मी खिडकीपाशी जाऊन उभी राहते.

या पाच मिनिटांत त्यांनी अर्ध्या पानाच्या चिठ्ठीवर लिहायचं, नाव न घालता. ‘कविता कशी वाटली?’ असं विचारू नका, ५८ वेळा ‘छान’ मिळेल. मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिते. कुठल्या शब्दापाशी थांबलात? काय आठवलं? काय पटलं नाही? यातला एक घ्या, दोन ओळी पुरे. आणि एक नियम: जी चिठ्ठी वर्गात वाचायची नाही तिचा कोपरा दुमडायचा. पूर सगळ्यांना सांगावासा वाटतोच असं नाही. ज्याची म्हैस दावणीला बांधलेली राहिली, तो ते ५७ जणांपुढं का उघडं करील? दुमडलेल्या चिठ्ठ्या मी घरी वाचते आणि त्यावर कुणाशी बोलत नाही.

एका वर्षीच्या तासाचं सांगते. मागच्या बाकावरची चिठ्ठी निघाली: ‘ह्यो पैसं नको म्हणतोय ते खोटं वाटतंय. आमच्या पप्पांनी अनुदानासाठी तलाठ्याकडं चार खेपा घातल्या.’ वर्ग हसला. जुनी मी असते तर लगेच स्वाभिमान, जिद्द वगैरे फळ्यावर आलं असतं आणि त्या पोराला कळलं असतं की आपले पप्पा स्वाभिमानी नाहीत. मी एवढंच विचारलं, “खोटं कुठल्या ओळीवरून वाटतं?”

हा प्रश्न कुठल्याही उत्तरावर विचारायचा, आवडलेल्यावरही आणि चुकलेल्यावरही. तो विसरलात तर तास पुराच्या गप्पांमध्ये जाईल आणि कविता झेरॉक्सवरच राहील. लुईज रोझेनब्लॅट या अमेरिकेतल्या बाईंनी १९३८ पासून हेच मांडलं, की साहित्य हे वाचणारा आणि मजकूर या दोघांच्या मध्ये घडतं. पण त्यांनी वाटेल तो अर्थ चालतो असं म्हटलं नव्हतं; मजकुरानं त्याला आधार द्यायला हवा. आपल्या संस्कृत काव्यशास्त्रातला ‘सहृदय’ रसिकसुद्धा नुसता हळवा नसतो, काव्य वाचून वाचून त्याचं मन तयार झालेलं असतं.

तर माझ्या त्या प्रश्नावर पोरांच्या माना झेरॉक्सवर खाली गेल्या. चिखलीची एक मुलगी, तिथं पाणी सगळ्यात आधी शिरतं, म्हणाली, “मॅडम, पैसं सगळ्यांनी दिलं. किटबी दिली. पण चिखल काढून झाल्यावर घरात येऊन कोण बसलंच नाही.” मी गप्प. मग त्याच मागच्या बाकावरून आलं, “त्यानं मागितलंच नव्हतं की. सरांचाच हात खिशाकडं गेला.”

२२ वर्षं कविता शिकवतेय, विद्यार्थ्याचा कणा दाखवून दाखवून थकले, पण यात सरांचा अंदाज चुकतो हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी तसं वर्गात बोलून दाखवलं. तुम्हीही बोलून दाखवा, पण खरंच तसं झालं असेल तरच. खोटं कौतुक पोरं लगेच ओळखतात. प्रत्येक उत्तराला ‘वा, शाब्बास’ म्हणायची सवय तर मोडाच. एकाला शाब्बास मिळालं की पुढचे दहा जण त्याचंच उत्तर फिरवून देतात. ‘आणखी कुणाला वेगळं वाटलं?’ एवढं पुरतं.

आता भाषेचं. इथं माझ्या हातून घोळ झालाय. पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, ‘कविता वाचून मी रडलो.’ आमच्या कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. मीही घरी तसंच बोलते. तरी मी लाल पेनानं ‘रडलो’ला गोल केला आणि वर ‘रडले’ लिहिलं. बाकी काहीच लिहिलं नाही. पोरगी रडली होती आणि बाईंनी लिंग सुधारलं. पुढं वर्षभर तिनं गाईडातली उत्तरं दिली, एकही चूक न करता. तेव्हापासून चिठ्ठीला आणि वहीतल्या मागच्या पानांना लाल पेन लावत नाही. प्रमाण भाषा शिकवायची, जरूर शिकवायची, पण निबंधाच्या तासाला.

गुणांचा प्रश्न सगळे विचारतात. चिठ्ठीला गुण नाहीत. पण परीक्षा आहेच, म्हणून चिठ्ठीतून उत्तराकडं जायचा रस्ता दाखवावा लागतो. दुसऱ्या दिवशी दोन ओळींच्या सहा ओळी करायला सांगते: काय वाटलं, कुठल्या शब्दानं वाटलं, तो शब्द नसता तर काय झालं असतं. तिसऱ्यात पोरं खरी अडकतात, तिथं वेळ द्या.

कवितेवरच्या कृतीच्या मुद्द्यांत ‘कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण’ असं छापलेलं असतं. त्यातलं ‘न आवडण्याचे’ माझ्या वर्गात कित्येक वर्षं कुणी वापरलंच नव्हतं. मागच्या सहामाहीत पहिल्यांदा एकानं लिहिलं: कविता आवडली नाही, कारण बायको सोबत लढते असं म्हटलंय पण ती एकदाही बोलत नाही. खाली त्यानं ओळही दिली होती. शेजारच्या टेबलावरच्या सरांना उत्तर दाखवलं. ते म्हणाले, “याला गुण कशाचे द्यायचे?” मी पूर्ण दिले आणि पुढचा पेपर ओढला.