जुन्या कोल्हापुरात वाट न चुकता पायी कसे फिरावे

जुन्या कोल्हापुरात पायी फिरायचे असेल, तर आधी अंबाबाईच्या मंदिराची दिशा मनात पक्की करावी. देवीची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे आणि महाद्वारही पश्चिमेलाच आहे. किरणोत्सवात मावळतीचे किरण याच बाजूने गाभाऱ्यात शिरून मूर्तीपर्यंत पोहोचतात. म्हणून महाद्वारातून बाहेर पडून मंदिराकडे पाठ केली, की समोर पश्चिम येते. रंकाळा तलाव समोरच, पण थोडा डावीकडे राहतो; पंचगंगेचा घाट उजव्या अंगाला आणि भवानी मंडप पाठीमागे राहतो. एवढे चित्र डोळ्यांपुढे असले, की पुढची प्रत्येक गल्ली त्यात बसवता येते.

पाहुणे वाट चुकतात ते बहुतेक वेळा मंदिरातच, आणि हे मी अनेकदा पाहिले आहे. मंदिराला चारही दिशांना दरवाजे आहेत. महाद्वाराशी चप्पल ठेवून माणूस आत जातो, प्रदक्षिणा घालतो आणि गर्दीच्या ओघात उत्तरेच्या घाटी दरवाजाने बाहेर पडतो; मात्र आपण आलो त्याच दाराशी उभे आहोत असे समजून चालू लागल्यामुळे त्याची प्रत्येक दिशा काटकोनात फिरलेली असते. त्यामुळे आत जातानाच दाराचे नाव विचारून ठेवावे.

गावाचा तट आता फारसा उरलेला नाही, पण वेशींची नावे अजून दिशा सांगतात: गंगावेस नदीच्या बाजूला, रंकाळा वेस तळ्याच्या बाजूला. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत घर शोधताना घर क्रमांकापेक्षा जवळची तालीम, तिकटी (तीन रस्ते मिळतात ती जागा) किंवा मंडळ विचारून घेतलेले अधिक उपयोगी पडते. राजारामपुरीत मात्र गल्ल्यांना क्रमांक आहेत. तेथे मोजत गेले तरी पुरते.

प्रत्येक वळणावर एकदा मागे वळून पाहावे, कारण परतताना तीच गल्ली उलट्या बाजूने दिसते आणि अनोळखी वाटते. तरीही चुकल्याची शंका आली, तर थांबावे. आणखी एक वळण घेऊन पाहण्याचा मोह टाळावा आणि जी शेवटची जागा नक्की ओळखीची होती, तेथपर्यंत मागे जावे.

वाट विचारण्याचीही एक पद्धत आहे. "हा रस्ता गंगावेशीला जातो का?" असे विचारले, तर घाईतला माणूस सहज "होय" म्हणतो, "गंगावेस कुठल्या अंगाला आली?" असे विचारले, तर त्याला विचार करून हात दाखवावा लागतो. शक्यतो वाटसरूऐवजी दुकानात बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला "काका" किंवा "मामा" म्हणून विचारावे आणि पुढच्या चौकात दुसऱ्या कोणाकडून खात्री करून घ्यावी.

उन्हावरून दिशा ठरवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, हा नियम कोल्हापुरात वर्षभर लागू पडत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत ऐन मध्यान्ही तो डोक्यावरून थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत दुपारच्या सावलीवर विसंबू नये. सकाळी किंवा चारनंतरची लांब सावली पाहावी.