जीपची बॉडी उतरवली, पण एका वायरने अडवलं

चिपळूणच्या पावसात वर्षानुवर्षं उभी राहिलेली आमची जुनी डिझेल जीप. फ्लोअर कुजलेला, चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मात्र ठणठणीत. बॉडी उतरवल्याशिवाय पर्याय नव्हता.

खरी लढाई बॉडीला चॅसीशी जखडणाऱ्या बोल्टांशी. चार दिवस रोज डिझेल आणि जळकं ऑइल सोडलं, तरी दोन बोल्ट ढिम्म! पाना लावला की नट-बोल्ट दोन्ही गोल फिरायचे. शेवटी ग्राइंडरने डोकी उडवली. त्याआधी ड्रायव्हर सीटखालची डिझेलची टाकी काढून अंगणाबाहेर नेऊन ठेवली, ठिणग्यांचा भरवसा कोण देणार?

दुसरी गोष्ट स्टिअरिंगची. त्याचा दांडा, म्हणजे कॉलम, फ्लोअरमधून वर येतो, त्यामुळे पुलर (ओढून काढायचं अवजार) लावून स्टिअरिंगचं चाक काढलंच पाहिजे. मी आधी हातोडीने ठोकत बसलो होतो, तो शहाणपणा करू नका. ब्रेक, क्लच, हँडब्रेक, पाइप, वायरिंग हे सगळं फोटो काढून, चिठ्ठ्या बांधून सोडवलं.

उचलण्याआधी दाराच्या जागी आडवी अँगल वेल्ड केली. कुजलेली बॉडी तिथेच वाकते आणि मग पुन्हा चॅसीवर भोकं जुळत नाहीत. मग दोन वासे, सहा माणसं. पुढची बाजू वर आली आणि अडकली. पाहतो तर इंजिनची अर्थ वायर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) तशीच! ती सोडवली आणि बॉडी अलगद बाजूला आली.

आता बॉडी आणि चॅसीमधल्या जुन्या रबरांच्या जागी नवे रबर पॅक आणलेत. चॅसी घासायला घेतली आहे.