लायब्ररीत कॉम्प्युटर शिकवायला बसताय? लिंकची यादी शेवटी द्या

लायब्ररीत कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्यांना मदत करायला कोणी नवीन आलं की पहिली मागणी ठरलेली, चांगल्या वेबसाइटची यादी आहे का, प्रिंट काढून वाटतो. यादी आहे माझ्याकडे पण मी ती सगळ्यात शेवटी देते, कारण आधी दिली की लोक एकेक अक्षर शोधत पत्ता टाइप करत बसतात, कुठेतरी एक डॉट राहतो, पेज उघडत नाही आणि माणूस म्हणतो जाऊ दे, आपल्याला नाही जमायचं हे.

त्यापेक्षा बसल्या बसल्या विचारा, तुम्हाला काय शोधायचंय? कोणाला नोकरीचा फॉर्म हवा असतो, कोणाला डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची माहिती, कोणाला नातवाच्या प्रोजेक्टसाठी चित्र. तोच प्रश्न घेऊन सर्च शिकवा. वाटल्यास बोलून किंवा आपल्या भाषेत टाइप करू द्या, स्पेलिंगची भीती तिथेच निम्मी जाते.

शोधायच्या युक्त्या खूप आहेत, नवीन माणसाला तीन-चार पुरतात. नेमके शब्द त्याच क्रमाने हवे असतील तर डबल कोटमध्ये टाकायचे. नको तो शब्द वजा चिन्ह लावून टाकायचा, म्हणजे पायथन सापाबद्दल हवंय आणि सगळं प्रोग्रामिंगचंच येतंय तर पुढे वजा प्रोग्रामिंग, फक्त चिन्ह आणि शब्दात स्पेस नको. एखाद्या साइटचा स्वतःचा सर्च धड चालत नसेल (सरकारी साइटवर हे नेहमीचंच) तर गूगलमध्ये इंग्रजीत साइट लिहून कोलन आणि लगेच त्या साइटचा पत्ता, मग आपला शब्द. आणि कंट्रोल एफ! लांबलचक पेजवर हवा तो शब्द एका झटक्यात सापडतो हे बघून लोक जेवढे खूश होतात तेवढे दुसऱ्या कशानेच होत नाहीत, पहिल्याच दिवशी दाखवून टाका.

खरा वेळ मात्र रिझल्टचं पेज वाचायला द्या. नवीन माणूस सगळ्यात वरच्या लिंकवर क्लिक करतो आणि तिथे बऱ्याचदा जाहिरात असते, बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड लिहिलेलं असतं ते बोट ठेवून दाखवावं लागतं. फुकट मिळणाऱ्या फॉर्मचे पैसे घेणाऱ्या साइट अशाच वर येऊन बसतात. हल्ली एआयने लिहिलेलं उत्तरही वर दिसतं, ते वाचा पण औषध, पैसे, कायदा असला काही विषय असेल तर खालची मूळ लिंक उघडल्याशिवाय विश्वास नको. मग पत्ता वाचायला शिकवा. सुरुवातीचं एचटीटीपीएस वगैरे सोडून पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग बघायचा आणि त्यातही शेवटाकडचे तुकडे, कारण सुरुवातीला बँकेचं नाव असलं आणि रेघेच्या लगेच आधी भलतंच नाव असलं तर साइट त्या भलत्याचीच. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट खरी असं खूप जणांना वाटतं, तसं नाहीये, मधल्या मधे कोणी वाचू शकत नाही एवढंच ते सांगतं, पलीकडे चोर बसलाय की साव ते नाही सांगत.

आता यादी. विकिपीडिया सगळ्यांना माहीत असतं, लेखाच्या तळाशी संदर्भ असतात ते दाखवा. कॉलेजवाल्यांना संशोधनाचे पेपर शोधायला गूगल स्कॉलर, त्यात पेपर विकत घ्या म्हणत असेल तर ऑल व्हर्जन्सवर क्लिक करून बघायला सांगा, कधीकधी फुकट पीडीएफ मिळते. बंद पडलेली किंवा बदललेली साइट जुन्या रूपात बघायला वेबॅक मशीन, 1996 पासूनची पेजेस आहेत त्यात. वाचणाऱ्यांना प्रोजेक्ट गुटेनबर्ग, 1971 पासून चालू आहे, कॉपीराइट संपलेली पुस्तकं फुकट, पण बहुतेक इंग्रजीत. फोटो खरा की जुनाच फिरवलेला ते बघायला टिनआय किंवा गूगल लेन्स. एकच प्रश्न गूगलवर आणि डकडकगो या दुसऱ्या सर्च इंजिनवर टाकून दोन्ही रिझल्ट शेजारी शेजारी ठेवा, सर्च इंजिन म्हणजे अख्खं इंटरनेट नव्हे हे आपोआप कळतं. आणि लायब्ररीचा स्वतःचा कॅटलॉग आणि लायब्ररीने पैसे भरून घेतलेले डेटाबेस असतील तर ते विसरू नका, तिथलं बरंचसं गूगलला दिसतच नाही.

सापडलेली लिंक बुकमार्क करू नका म्हणावं, लायब्ररीचे कॉम्प्युटर बऱ्याच ठिकाणी रीस्टार्ट झाले की सगळं पुसतात, स्वतःलाच ईमेल करा. प्रायव्हेट विंडो वापरा पण त्याने फक्त त्या मशीनवरची हिस्टरी राहत नाही, नेटवर्कवाल्याला दिसायचं ते दिसतंच. वर्ग सुटताना खुर्च्यांमागून एक चक्कर मारा, कोणाचा ना कोणाचा ईमेल उघडा राहिलेला असतोच, तुम्ही बंद करू नका, त्यांनाच हाक मारून लॉगआउट करायला लावा.